कुंपणाबाहेरचं बाळ

दुःखात देव जवळ येतो असं सांगणाऱ्या बायांचा मला एके काळी फार राग यायचा. त्या वर्षी तर आमच्या घरी अशा बायांची रीघ लागली होती. येत, माझ्या खाटेच्या कडेला टेकत, माझा हात हातात घेऊन देवाच्या इच्छेबद्दल बोलत, आणि जाताना परसातल्या चार मिरच्या तोडून नेत. मी तोंडाने काही बोलत नसे, पण मनात म्हणायची, माझ्या पोराला कुंपणाबाहेर ठेवून देव माझ्याजवळ काय करायला येईल? आज इतक्या वर्षांनी हे लिहायला बसले आहे ते माझ्यासारखीच तळमळणारी एखादी बाई कुठे असेल तर तिच्यासाठी. ते शांतपणे सांगता येईल असं मला वाटत नाही. शांतपणा माझ्या अंगात नव्हताच, आणि खरं सांगायचं तर अजूनही आलेला नाही.

आमचं गाव ठाण्याच्या खाडीकाठी. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती, पण चर्चला देऊळच म्हणणारे आणि लुगडं नेसून मिस्सेला जाणारे. घरची थोडी भातशेती होती आणि खाडीलगतच्या मिठागरात सासऱ्यांचा एक वाटा होता. मिठागरावर कामाला आगरी मंडळी यायची, कळव्या-दिव्याच्या बाजूची. दिवाळी झाली की येऊन बांध दुरुस्त करायची, झोपड्या घालून राहायची आणि पाऊस जवळ आला की आपल्या गावी परत जायची. त्यांचा देव वेगळा, आमचा वेगळा. पण मीठ, ऊन आणि खाडी एकच असल्यामुळे आमचं त्यांचं चांगलं जमायचं.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी माझी कूस उजवली नव्हती. नवस बोलून झाले, क्रुसापाशी गुडघे झिजवून झाले, लोकांची बोलणी ऐकून झाली. मग एकदाचे दिवस राहिले. आमच्या देवळात एक रीत होती. बाई गरोदर राहिली की पाद्रीबाबा तिला आणि तिच्या सासूला बोलावून संकटातला बाप्तिस्मा शिकवत. मूल जन्मताच जाईल असं वाटलं आणि पाद्री येईपर्यंत वेळ नसला, तर हाताशी असेल त्या कोणीही त्याच्या डोक्यावर पाणी ओतावं आणि बापाच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने त्याला बाप्तिस्मा द्यावा. मग ते मूल देवाचं झालं. बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्या मुलाला मात्र देवळाच्या पवित्र जमिनीत जागा नव्हती. त्याला कुंपणाबाहेर, शेराच्या झुडपांत पुरत; घंटा नाही, क्रूस नाही. अशा मुलाला स्वर्गात देवाचं दर्शन व्हायचं नाही, हीच तेव्हा आम्हा सगळ्यांची समजूत होती. सासूबाई ते शब्द माझ्याकडून भाकऱ्या थापतानाही म्हणवून घेत. मी वैतागून म्हणायची, "आई, पाठ आहेत हो मला." त्या म्हणत, "आसू दे. परत बोल."

वैशाखातली गोष्ट. मला सातवा महिना होता. नवऱ्याचा मचवा मीठ घेऊन कल्याणच्या बंदराला जायचा होता, म्हणून मी भाकरी घेऊन मिठागरावर गेले. घरातून सगळ्यांनी नको म्हटलं होतं, पण उन्हाला भिऊन घरात बसेन तर मी कसली! पोचले तर मचवा सुटून गेलेला. परत वळले आणि बांधावरच कळा सुरू झाल्या. आजूबाजूला कोणी नव्हतं. खाडीच्या पुलावरून आगगाडी गेली, तिचा धूर मला दिसला; मी हाका मारल्या, पण त्या खडखडाटात कोणाला ऐकू जाणार? तेवढ्यात मीठ ओढण्याचं फावडं टाकून एक आगरी बाई धावत आली. चांगुणा तिचं नाव. तिची माझी जाता-येता हसण्यापुरती ओळख. तिने मला उचललं म्हणा, ओढलं म्हणा, आणि जवळच्या झावळ्यांच्या खोपटात नेऊन निजवलं.

"घाबरू नको, बाय," ती म्हणाली. "मना चार पोरा हायेत. मना समदा ठाव हाय."

बाळ तिच्याच हातात जन्मलं. "पोरगा हाय," ती म्हणाली आणि मग गप्प झाली. तिचं गप्प होणं मला कळलं. मी मान वळवून पाहिलं तर तो इवलासा, निळा पडलेला, श्वास घेतोय की नाही हे कळू नये असा. त्या घटकेला मला दुसरं काहीच सुचलं नाही. मी म्हटलं, "पाणी आण. लवकर." पिण्याच्या पाण्याचं मडकं मिठागराच्या पार दुसऱ्या टोकाला. ती करवंटीतून खाडीचं पाणी घेऊन आली. मी म्हटलं, "त्याच्या डोक्यावर ओत." तिने काही विचारलं नाही. ती ओतू लागली आणि मी पाठ केलेले ते शब्द म्हटले. जुझे, असं त्याचं नाव घेऊन म्हटले. हात उचलायचं बळ माझ्यात नव्हतं, पण जीभ चालली. शेवटचा शब्द तोंडातून गेला आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला.

शुद्धीवर आले ती घरी. पोर गेलं होतं. मला उचलून आणणाऱ्या माणसांनी सांगितलं की तोवर चांगुणा त्याला पदरात घेऊन बसली होती. मी रडले, पण त्या रडण्यात आधार होता. जुझे देवाचा झाला आहे, आता नुसतं त्याला देवळाच्या आवारात निजवायचं आहे, एवढं मला माहीत होतं.

पाद्रीबाबा दुसऱ्या दिवशी सकाळी आले. वयस्कर, मऊ बोलणारे गृहस्थ. गावातल्या अर्ध्या लोकांची लग्नं त्यांनी लावलेली. सासूबाईंनी दारातच त्यांना विचारलं, "पानी खारा व्हता, बाबा. चालतंय ना?" ते म्हणाले, "खारं असलं तरी पाणीच की ते." मला वाटलं, सुटले. मग माझ्याजवळ बसून त्यांनी विचारलं, "पाणी कोणी ओतलं?" मी म्हटलं, "चांगुणाने." "आणि शब्द?" "मी म्हटले." त्यांनी मान खाली घातली. मग हळू आवाजात सांगितलं, की पाणी ओतणारा आणि शब्द म्हणणारा माणूस एकच असावा लागतो. एकाने ओतायचं आणि दुसऱ्याने म्हणायचं, तर तो बाप्तिस्मा होत नाही. शिकवताना त्यांनी हे सांगितलं होतं की नाही मला आठवत नाही, सांगितलं असेलही. पण त्या खोपटात ते मला आठवलं असतं तरी मी काय करणार होते? माझा हात उचलत नव्हता.

त्या संध्याकाळी माझ्या नवऱ्याने आमच्या मुलाला शेराच्या झुडपांत पुरलं. घंटा वाजली नाही. मी खाटेवर पडून ती न वाजलेली घंटा ऐकत राहिले.

मग पाऊस आला आणि माझं डोकं फिरायची वेळ आली. दुःख मी सोसलं असतं. बाया सोसतातच. पण तो आहे कुठे, या प्रश्नाने मला खाऊन टाकलं. भात लावताना, पाणी भरताना, चुलीपुढे बसताना एकच. संध्याकाळी देवळाची घंटा झाली की सगळं घर ओटीवर जपमाळेला बसायचं आणि मी त्यांच्यात बसून नुसते ओठ हलवायची. कधी तेवढंही जमायचं नाही. मग उठून परसात जाऊन उभी राहायची आणि विहिरीच्या रहाटाला हात लावून त्याच्याशीच भांडायची, कारण देव काही समोर येत नव्हता. तू सगळं पाहिलंस ना? तू तिथेच होतास ना? मग माझा हात उचलायला तुला काय झालं होतं?

पाद्रीबाबांकडे मी पुन्हा पुन्हा गेले. त्यांनी मला कधी हाकललं नाही. एकदा ते म्हणाले, "मुली, देवाचे हात नियमांनी बांधलेले नाहीत. माझे आहेत. देव त्याला जवळ घेऊ शकतो, पण मी तुला तशी खात्री देऊ शकत नाही." मी फणकाऱ्याने म्हटलं, "मग तुमचे हात सोडा ना थोडे." त्यांचे डोळे भरले होते आणि मला त्यांची कीवही आली नाही, इतकी मी कठोर झाले होते.

सासूबाई माझ्याशी कडकच वागत होत्या. मी शेराच्या झुडपांकडे जायला निघाले की त्या वाट अडवायच्या. "थय जाव नको," एवढंच म्हणायच्या. कारण सांगायच्या नाहीत. एकदा मी ओरडले, "तुम्हाला काय कळणार माझ्या पोटातलं!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि उठून गोठ्यात निघून गेल्या. त्या दिवसापासून आमच्यात कामापुरतं बोलणं उरलं. नवरा दोघींच्या मधे सापडला होता. तो मिठाच्या, भाताच्या गोष्टी बोलायचा आणि जेवून उठायचा.

कार्तिकात, भाताची कापणी चालू असताना, आमच्यात मृतांचा दिवस येतो. सगळं गाव देवळाच्या आवारातल्या थडग्यांवरचं गवत काढतं, झेंडू वाहतं, प्रार्थना म्हणतं. त्या दिवशी आत सगळ्यांचं कोणी ना कोणी होतं. मी आत गेलेच नाही. सरळ कुंपण ओलांडून झुडपांत शिरले. पावसाने गवत माजलं होतं आणि नवऱ्याने सांगितलेली जुझेची जागा मला सापडेना. मी वेड्यासारखी गवत उपटू लागले. उपटता उपटता एक मातीचा लहानसा उंचवटा लागला. तो त्याचा नव्हता. मग दुसरा. एकावर कोणीतरी शिंपला ठेवला होता, एकावर काचेच्या बांगडीचा तुकडा, एकावर नुसता गुळगुळीत दगड. कोणी ठेवले असतील हे? गावात तर कुठली बाई या जागेचं नावही काढत नव्हती. म्हणजे इथे येणारी मी एकटी नव्हते. या मुलांच्या आया गुपचूप येऊन गेल्या होत्या, आणि मला धीर द्यायला खाटेशी बसलेल्यांतल्याही काही असतील.

जुझेची जागा शेवटी सापडली. मी तिथे बसले. शरण जाणं वगैरे मोठे शब्द आहेत. खरं म्हणजे मी थकले होते. भांडून भांडून माझ्यातलं भांडण संपलं होतं. मी देवाला म्हटलं, मला कळत नाही. कधी कळेल असंही वाटत नाही. तो माझ्यापाशी नाही, म्हणजे तुझ्यापाशीच असणार, दुसरं कुठे जाईल तो? नियमात बसवून घे नाहीतर नियमाबाहेर घे, पण तूच घे. मी आता विचारणार नाही. इतकं बोलून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. आभाळातून काही आवाज आला नाही. अंगावर मुंग्या चढल्या म्हणून उठले आणि घरी येऊन भात रांधला. फक्त त्या संध्याकाळी जपमाळ म्हणताना ओठांबरोबर माझा आवाजही निघाला.

पुढच्याच आठवड्यात आगरी मंडळी बांध दुरुस्तीला आली. मी अंगणात भात पाखडत होते, सासूबाई ओटीवर होत्या. फाटकात चांगुणा उभी राहिली. आत येईना. मीच म्हटलं, "ये ना गं." ती आली, पण बसली नाही. पावसाळाभर कुठे होतीस, कशी आहेस, असं काही मी विचारायच्या आत तीच बोलू लागली.

"बाय, मना तुला एक सांगायचा हाय. मना झोप नाय. तू बेसुद झालीस ना, तवा मी पायला, माजा हात कापत व्हता नं पानी समदा पोराला गुंडाललेले फरक्यावर पडलेला. पोराचे डोस्क्यावर थेंब नाय. मना वाटला, हिचा काम आर्धा ऱ्हायला. मंग मी परत पानी आनला. त्याचे डोस्क्यावर तीनदा ओतला, नं तू जा बोललीस ता मीच बोलली. त्याचा नाव पन घेतला, जुझे. तवर त्याचा जीव व्हता. मंग गेला." ती थांबली. "मी तुमचे देवाची नाय, बाय. तुमचे देवाचा नाव मी घेतला. त्याचा तुमचे देवाला राग आला का? माज्यामुलं गेला का तुजा पोर?"

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. इकडे मी पावसाळाभर जळत होते आणि खाडीपलीकडे ही बाई तशीच जळत होती. माझं पोर देवाला मिळालं नाही म्हणून मी झुरत होते, आणि आपल्यामुळे देव रागावला म्हणून ती. मी तिला मिठी मारली. काय बोलले ते मला आठवत नाही. सासूबाई सांगतात की मी नुसती "नाही गं, नाही गं" एवढंच म्हणत होते. सासूबाई तोवर पाद्रीबाबांना बोलवायला निघाल्यासुद्धा होत्या, अनवाणी.

पाद्रीबाबांनी चांगुणाला समोर बसवून घेतलं. काय म्हणालीस, ते म्हण, असं सांगितलं. तिने म्हटलं, सगळं, नीट. मग त्यांनी विचारलं, "तू ते का केलंस? तुझ्या मनात काय होतं?" ती गोंधळली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "मना काय ठाव? हिला पोरासाठी जा करायचा व्हता, ताच मना करायचा व्हता."

पाद्रीबाबा उठून उभे राहिले. "बाप्तिस्मा झाला आहे," ते म्हणाले. "तो पहिल्या दिवसापासून देवाचा आहे." आणि मग त्या आगरी बाईपुढे त्यांनी हात जोडले. चांगुणा इतकी घाबरली की सासूबाईंच्या मागे जाऊन उभी राहिली.

ठरलं असं, की रविवारी मिस्सेनंतर जुझेला आत आणायचं, घंटा वाजवून, सगळ्या गावासमोर. नवऱ्याने कुदळीला नवा दांडा बसवला. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही होता, पण मी पुन्हा अस्वस्थ. त्या गवतातला शिंपला आणि बांगडीचा तुकडा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. जुझेला उचलून नेलं की त्यांच्यात कोण राहिलं? त्यांच्यासाठी चांगुणा धावत आली नव्हती. रविवारी सगळे जमले आणि नवऱ्याने कुदळ उचलली, तेव्हा मी म्हटलं, "राहू द्या."

पाद्रीबाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बाबा, तो देवापाशी पोचला आहे असं तुम्हीच सांगितलंत. मग त्याला आता कुठेही ठेवलं तरी त्याचं काही बिघडत नाही. तो इथेच राहू दे. या सगळ्यांसाठी देवाकडे शब्द टाकायला यांच्यातलं कोणीतरी हवं ना." मी शहाणपणा करते आहे की आगाऊपणा, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

पाद्रीबाबा देवळात गेले. मग अंगावर झगा घालून, पवित्र पाणी घेऊन कुंपणाबाहेर आले. एका थडग्याला आशीर्वाद द्यायची त्यांना मुभा होती, एकाच. त्यांनी जुझेच्या मातीवर पाणी शिंपडलं. खाडीवरून वारा सुटला होता आणि त्या दिवशी पाद्रीबाबांचा हातही जरा सैल होता. थेंब कुठवर उडाले हे त्यांनी पाहिलं नाही आणि आम्हीही पाहिलं नाही.

सगळ्यांनी गुडघे टेकले. सासूबाई मात्र आमच्याजवळ टेकल्या नाहीत. त्या पुढे गेल्या, त्या गुळगुळीत दगडापाशी, आणि तिथे बसल्या. दगडावर हात ठेवून त्यांनी मोठ्याने म्हटलं, "रजीन." मग मागे वळून माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुजी मोठी बयन, रे." आयुष्यभर स्वतःला घरातला थोरला समजणारा माझा नवरा कुदळ धरून तसाच उभा राहिला. मी धावत जाऊन सासूबाईंना धरलं. मला अडवत होत्या त्या का, हे विचारायची गरज राहिली नव्हती. थोड्या वेळाने मागून आणखी एका बाईने एक नाव घेतलं, मग आणखी एकीने. काहींनी नाव ठेवलंच नव्हतं. त्यांनी त्या दिवशी ठेवलं.

तेव्हापासून देवाने माझं सगळं ऐकलं असं नाही. पुढे मला दोन मुली झाल्या, तापाची साथ आली, मिठागराचा वाटा गेला, आणि प्रत्येक वेळी मी देवाशी भांडलेच. पण भांडणाच्या शेवटी सगळं त्याच्यावर सोडून द्यायचं असतं, हे मला कळलं आहे. माझा हात उचलत नव्हता तेव्हा त्याने दुसरीचा हात आधीच पाठवला होता, आणि ते मला कळायला एक अख्खा पावसाळा जावा लागला. त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे, आणि चांगुणाचीही. रजीन कुठे आहे हे पाद्रीबाबांना सांगता आलं नाही, आणि मीही आता विचारत नाही. संध्याकाळी जपमाळ संपली की घरातल्या गेलेल्यांची नावं घेतात. आमच्याकडे ती सासूबाई घेतात. आधी रजीन, मग जुझे. थोरलीचा मान पहिला.